आधी तक्रार, मग शाल

पल्लवीताईचा फोन आला तेव्हा मी केंब्रिजला, कॉलेजच्या लाँड्रीत ड्रायरमधून कपडे काढत होते. पल्लवीताई ही सुनंदामावशींची मुलगी, लंडनला पिनरमध्ये राहते आणि मला फोन कधी करत नाही, मेसेज करते; त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव दिसलं तेव्हाच माझा हात थांबला. "आई गेली गं," ती म्हणाली. "झोपेतच. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, तिला कळलंसुद्धा नसेल." मग नाक पुसत म्हणाली, "एक विचारू का? ती शाल अजून तिच्या पिशवीतच आहे. मागच्या आठवड्यात मला म्हणाली होती, ही कधी द्यायची ते तुला विचारायचं. द्यायची म्हणजे कुणाला, कशासाठी, मला काही कळलं नाही. तुला कळतंय का?" मला कळत होतं. एक गरम टॉवेल छातीशी धरून मी तिथंच मशीनला टेकून खाली बसले, आणि रडता रडता मला हसू आलं... शेजारी कपडे भरणाऱ्या मुलाला काय वाटलं असेल कोण जाणे. आता त्या गोष्टीला काही आठवडे झाले आहेत. ती शाल कुठं गेली ते मला सांगायचं आहे, पण त्यासाठी आधी मावशींबद्दल सांगावं लागेल. मला असं लिहायची सवय नाही, जमेल तसं लिहिते.

सुनंदामावशी मेश्राम माझ्या सख्ख्या मावशी नव्हत्या. इथं आमचं सख्खं कोणीच नव्हतं. मी शाळेत असताना आईबाबांबरोबर नागपूरहून आले. आमचं इथलं गाव लंडनच्या बाहेरचं, गोदामांचं. बाबांना एका गोदामात काम मिळालं, आईला शाळेच्या किचनमध्ये, आणि मला काहीच मिळालं नव्हतं, बोलायला एक मैत्रीणसुद्धा नाही. पहिल्याच रविवारी आम्ही कम्युनिटी हॉलमध्ये बुद्धवंदनेला गेलो. वंदना संपल्यावर एक बाई थेट माझ्याकडे आल्या. पांढरी साडी, वर गुडघ्यापर्यंतचा निळा कोट, पायात ट्रेनर्स. नाव-गाव काही विचारलं नाही. "काऊन गं, कोणता विषय तुला सगळ्यात जास्त रडवते?" मी म्हटलं, गणित. "बरं झालं. मी तेच शिकवत होते, इथल्याच शाळेत. शनिवारी ये. काही आणू नको, भूक घेऊन ये." त्या कितीतरी शनिवारांचं फळ म्हणून आज मी इथं आहे; आमच्या घरातून युनिव्हर्सिटीत पोचलेली मी पहिलीच. अजूनही लायब्ररीत बसले की वाटतं, कुणीतरी येईल, खांद्यावर हात ठेवेल आणि विचारेल, तू इथं कशी? हे मी मावशींना एकदा सांगितलं. त्या पोळी लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विचारलं तर सांग, गणितानं आणलं. आणि मग त्यालाच विचार, बापा, तू कसा आला?"

आमच्या कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, एक आरोग्य छाननी समिती आहे. गावातले दवाखाने आणि हॉस्पिटलं ज्यांच्या हातात आहेत, ते आपल्या योजना घेऊन तिच्यासमोर येतात आणि कौन्सिलर त्यांना प्रश्न विचारतात. थंडी सुरू होण्याआधी सगळ्यात मोठी योजना येते, ती हिवाळ्याची. खोकला, ताप, बर्फावर घसरून मोडलेली हाडं, भरलेले वॉर्ड, या सगळ्याला कसं तोंड द्यायचं त्याचा तो विंटर प्लॅन. शाळेतून निवृत्त झाल्यावर मावशी या समितीवर गेल्या. निवडून नाही, लोकांमधून घेतलेल्या सदस्य म्हणून. त्यांना बोलायचा हक्क होता, मताचा नव्हता. हॉलमधले कार्यक्रम करणाऱ्या आमच्या मंडळाचे सेक्रेटरी वासनिककाका त्यांना चिडवायचे, "ताई, मतच नाही तर जाता कशाला थंडीत?" मावशी म्हणायच्या, "अरे, वर्गात मास्तरला कुठं मत असते? तरी पोरं ऐकतातच ना." प्लॅन हातात आला की रविवारी वंदनेनंतर, चहाबरोबर, त्या तो आम्हाला मराठीत समजावून सांगायच्या. त्यांना एकच प्रश्न छळायचा. आमच्या बाजूची माणसं हिवाळ्यात एवढी हॉस्पिटलात का जातात, आणि टेकडीकडच्या, पैसेवाल्या बाजूची का जात नाहीत? "आपण खोकत असतो तेव्हा ते स्कीइंगला गेलेले असतात," त्या म्हणायच्या. "आणि जास्तीचा दवाखाना कुठं उघडतात? तिकडंच."

हे हसण्यावारी नेण्यासारखं होतं, बाबांच्या त्या हिवाळ्यापर्यंत. बाबांना खोकला झाला. आमच्या सर्जरीचे, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याचे, फोन सकाळी आठला उघडतात आणि तेव्हा फोन केला तरच त्या दिवशीची अपॉइंटमेंट मिळते. पण बाबांची शिफ्ट त्याच्या आधी सुरू होते, आणि गोदामात शिरताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. ब्रेकमध्ये फोन करेपर्यंत सगळ्या अपॉइंटमेंट संपलेल्या. "उद्या करा," पलीकडची बाई म्हणायची, अगदी गोड आवाजात. बाबा म्हणायचे, "थँक यू." रोज उद्या, रोज थँक यू. आई म्हणाली, मी करते फोन, तर तिचीही मुलांच्या नाश्त्याची वेळ तीच. मी केंब्रिजला होते आणि मला कुणी सांगितलंच नाही, माझी परीक्षा आहे म्हणून. शेवटी बाबा गोदामात दोन रॅकच्या मध्ये खाली बसले ते उठेनात. न्यूमोनिया. मी वॉर्डात पोचले तेव्हा त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि त्यातूनही ते नर्सला अंगठा दाखवून 'फर्स्ट क्लास' म्हणत होते. घरी सोडताना डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, फुप्फुसं कमजोर झाली आहेत, पुढच्या हिवाळ्यात पहिल्या खोकल्यालाच डॉक्टरांकडे या, थांबू नका. पहिल्या खोकल्याला... पण यायचं कुठं? फोन आठलाच उघडणार आणि बाबांचा मोबाइल लॉकरमध्येच असणार.

म्हणून मावशी एका गोष्टीच्या मागे लागल्या. पुढच्या हिवाळ्यापुरता एक वॉक-इन दवाखाना उघडणार होते. अपॉइंटमेंटशिवाय, सरळ जाऊन बसायचं. तो आमच्या बाजूला हवा आणि शिफ्ट सुटल्यावर उघडा हवा. प्लॅन लिहिणाऱ्या हेलन म्हणून एक मॅनेजर होत्या. मावशींनी समितीत धोशा लावून त्यांना आमच्या हॉलमध्ये यायला लावलं. ठिकाण ठरवण्याआधी या लोकांच्या अडचणी त्यांच्या तोंडून ऐका, म्हणाल्या. हेलन लगेच हो म्हणाल्या. आणि आमच्या मंडळाला जेव्हा कळलं की मोठ्या मॅडम येणार, तेव्हा मंडळानं जे करायचं तेच केलं. सत्कार ठेवला.

मी सुट्टीवर घरी होते, सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं. हेलन आपल्या एका तरुण सहकाऱ्याबरोबर आल्या, हातात पेन तयार. त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं. स्वागतगीत झालं. पाहुण्यांचा परिचय झाला, तो वासनिककाकांनी इंटरनेटवरून काढला होता आणि त्यात हेलन यांच्या कुत्र्याचंही नाव होतं. मग पुष्पगुच्छ, मग शाल. शाली मावशींनीच नागपूरहून आणल्या होत्या, मरून रंगाच्या, सोनेरी काठाच्या, तीन. एक हेलन यांना, एक त्यांच्या सहकाऱ्याला. तिसरी, कुणी आणखी आलं तर असावी म्हणून. हेलन यांचे डोळे खरंच भरून आले. म्हणाल्या, इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं वागवलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला डॉक्टरांपर्यंत पोचायला काही त्रास होतो का? मोकळेपणानं सांगा." बटाटेवड्यांचा वास येत होता. वासनिककाका उठले. "नो, नो, मॅडम. व्हेरी गुड सर्व्हिस. हिअर डॉक्टर इज लाइक..." आणि थांबले. ओठांवर 'गॉड' आलं होतं ते सगळ्यांना दिसलं. पण मागे बुद्धमूर्ती, समोर बावीस प्रतिज्ञा घेतलेले आम्ही सगळे. "लाइक मदर," काका म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. तेवढ्यात माझ्या बाबांना खोकल्याची उबळ आली. हेलन त्यांच्याकडे वळल्या, "आर यू ऑल राइट?" बाबांनी अंगठा वर केला. "फर्स्ट क्लास, मॅडम. प्लीज, यू ईट." मावशी काहीतरी बोलायला उठणार होत्या, पण तोवर मंडळातल्या कमलआजींनी हेलन यांच्या पानात तिसरा गुलाबजाम वाढला होता, आणि कार्यक्रम संपला होता.

प्लॅनचा मसुदा आला तेव्हा मावशींनी तो नेहमीसारखा रविवारी हॉलमध्ये वाचायला घेतला. आमचा उल्लेख होता. मावशींनी चष्मा सारखा केला आणि मराठीत सांगितलं, "लिहिलंय, या भागातल्या लोकांनी आमचं फार प्रेमानं स्वागत केलं. सध्याच्या सेवेबद्दल त्यांनी कोणतीही अडचण मांडली नाही." थोडं थांबून त्यांनी पुढचं सांगितलं. वॉक-इन दवाखाना टेकडीच्या पलीकडच्या रिटेल पार्कमध्ये उघडणार, तिथं पार्किंगची सोय उत्तम आहे म्हणून. आमच्या बाजूनं तिकडं बसच जात नाही. मग कमलआजी, ज्यांना तोवर निम्मंच ऐकू आलं असेल असं आम्हाला वाटत होतं, हळूच म्हणाल्या, "म्हणजे गुलाबजाम खाऊ घालून दवाखाना घालवला का आपण?" आधी सगळे हसले. मग हसणं आपोआप थांबलं. माझी नजर बाबांकडे गेली. ते आपल्या चहाच्या कपात बघत होते. मावशी म्हणाल्या, "हसा, हसा. शाली मीच आणल्या होत्या." मग त्यांनी कपाटातून उरलेली तिसरी शाल काढली, घडी घालून आपल्या खादीच्या पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "आजपासून आपल्या हॉलचा नियम ऐकून ठेवा. आधी तक्रार, मग शाल. काम झाल्याशिवाय ही पिशवीबाहेर निघणार नाही."

समितीची मसुद्यावरची बैठक अजून व्हायची होती, आणि तिथं रहिवाशांना आधी कळवून दोन शब्द बोलता येतात. पण बोलणार कोण? मावशींनी हॉलमध्ये चक्क तक्रारीची तालीम सुरू केली. टेबलामागे वासनिककाका कौन्सिलर होऊन बसायचे आणि एकेकानं समोर उभं राहून आपली अडचण सांगायची. इतकं अवघड गणित मावशींनी आम्हाला कधी घातलं नव्हतं! प्रत्येक जण सुरू करायचा बरोबर आणि शेवट करायचा कौतुकानं. "मला तासभर फोनवर थांबवलं... पण मुलगी बोलायला फार गोड हो." "पाय सुजला होता, कुणी बघितला नाही... पण हॉस्पिटल स्वच्छ आहे." मावशी टेबलावर वाढायचा डाव ठोकायच्या. "मुलगी गोड आहे ते पुढच्या रविवारी! आज फक्त पाय!" कमलआजी मात्र पहिल्याच दिवशी इतक्या सुसाट सुटल्या की दवाखान्यावरून बसवर, बसवरून कौन्सिलवर आणि तिथून थेट स्वतःच्या सुनेवर गेल्या, त्यांना खाली बसवायला दोघी लागल्या.

बाबा तालमीला यायचे, पण उभे राहायचे नाहीत. एका रविवारी मावशी आमच्या घरी आल्या आणि कोटही न काढता त्यांच्यासमोर बसल्या. "प्रकाश, तुला बोलावं लागते." बाबा म्हणाले, "ताई, आपण पाहुणे आहोत या देशात. यांनी काम दिलं, पोरीला शिकवलं. आता वर नावं कशी ठेवायची?" मला वाटलं मावशी चिडतील. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी आमच्या किचनकडे बघितलं, जिथं आई भांडी घासत होती, आणि विचारलं, "पाहुणा भांडी घासते का रे कुणाच्या घरी?" बाबांनीही तिकडं बघितलं. "तू यांची खोकी उचलतो, टॅक्स भरतो, यांच्या रॅकमध्ये पडून मरायला टेकला. पाहुणा असं करते का? घरचा माणूस करते. आणि छत गळते हे घरच्यानंच सांगायचं असते. पाहुणा सांगत नाही, तो चहा पिऊन जाते." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "त्या दिवशी हॉलमध्ये चूक काय झाली माहीत आहे का? आपण तिला पाहुणी केलं, आणि आपण तर पाहुणे आहोतच म्हणतो. दोन्हीकडून पाहुणेच. मग घर कोणाचं?" मावशी निघाल्या तेव्हा बाबा दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "इंग्रजीत मला जमणार नाही." मावशी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "मग हिला कशासाठी शिकवलं?"

बैठक संध्याकाळी होती. आमचे सगळे आले होते, स्वेटरवर कोट, कोटावर मफलर. मावशी समितीच्या खुर्च्यांमध्ये अगदी कडेला बसल्या होत्या आणि पिशवी मांडीवर होती. अध्यक्ष डेरेक नावाचे एक उंच, थकलेले कौन्सिलर होते. त्यांनी बाबांचं नाव पुकारलं, उच्चार सगळे चुकीचे, पण प्रेमानं. बाबा उठले, मी शेजारी उभी राहिले. बाबांनी माइक धरला आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "व्हेरी गुड सर्व्हिस. थँक यू." सगळं संपलं असं वाटलं. समोर मावशी अजिबात हलल्या नाहीत. फक्त मांडीवरच्या पिशवीवर त्यांनी हात ठेवला. बाबांनी ते बघितलं. माइक जरा खाली घेतला, श्वास घेतला, आणि मराठीत बोलू लागले. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेले. फोन आठला उघडतो. माझा फोन तेव्हा लॉकरमध्ये असतो. रोज म्हणाले, उद्या. मी उद्या-उद्या करत राहिलो, कारण मला वाटलं हेच बरोबर असेल. मग मला श्वास घेता येईना. माझ्यासारखी माणसं प्रत्येक शिफ्टमध्ये आहेत, ती तुमच्याकडे तक्रार करत नाहीत, कारण ती कामावर असतात. शेवटी बाबा म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात मला पहिल्या खोकल्याला या म्हणून सांगितलंय. मी यायला तयार आहे. कुठं येऊ ते तुम्ही सांगा." ते वाक्य इंग्रजीत मी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा नीट.

हेलन यांचा चेहरा उतरला होता. त्या म्हणाल्या, "पण आम्ही तुमच्या हॉलमध्ये आलो होतो. आम्ही विचारलं होतं." त्या खोटं बोलत नव्हत्या. तेव्हा मावशींनी हात वर केला. त्यांचं इंग्रजी शाळेतल्या बाईंचं, सावकाश आणि टोकदार. जे बोलल्या ते मराठीत असं काहीसं होईल: "हेलन, तुम्ही विचारलंत, आणि आम्ही सांगितलं नाही. चूक आमची. आमच्याकडे पाहुण्याला छत गळतं म्हणून सांगत नाहीत, बादली सरकवतात आणि वाढत राहतात. पण आज तुम्ही आमच्या पाहुण्या नाही. आज आपण दोघी कामावर आहोत. तर आता पुन्हा विचारा." मग हेलन यांनी समोरचे कागद बाजूला केले, आमच्याकडे वळल्या आणि खरंच पुन्हा विचारलं, "तुम्हाला डॉक्टरांपर्यंत पोचायला काही त्रास होतो का?" आणि आमचे लोक उभे राहिले! एकामागून एक, वासनिककाकासुद्धा. कुणी मुलगी गोड आहे म्हणालं नाही. डेरेक यांनी वेळ संपल्याची आठवण एकदा केली, नंतर त्यांनीही सोडून दिलं. अखेर मत घेतलं. प्लॅन परत पाठवायचा. वॉक-इन दवाखाना आमच्या बाजूला, शिफ्ट सुटल्यावर, अशी शिफारस. सगळ्या कौन्सिलरांचे हात वर गेले, दोन्ही बाजूंच्या पक्षांचे. फक्त मावशींचे हात मांडीवरच्या पिशवीवर होते, कारण त्यांना मत नव्हतं. त्या हातांना वर जायची गरज पडली नाही.

समितीची शिफारस मानायलाच हवी असं नसतं, हे मला नंतर कळलं. पण हेलन यांनी ती मानली, इतकंच नाही तर जागेसाठी त्या स्वतः फिरल्या, आणि गोदामांच्या रस्त्यालगत, जुन्या लायब्ररीच्या तळमजल्यावर दवाखाना उघडला. त्या हिवाळ्यात बाबांना पहिला खोकला आला तेव्हा ते शिफ्ट सुटल्यावर सरळ तिथं गेले. कुणी उद्या म्हणालं नाही. छाती तपासली, औषध दिलं, घरी पाठवलं. आईनं मला व्हिडिओ कॉल केला, बोलली काहीच नाही, नुसता फोन बाबांकडे धरला. बाबा भाकरी-ठेचा खात होते. मी माझ्या खोलीत एकटीच होते, तरी टाळ्या वाजवल्या. पूर्ण हिवाळा गेला, बाबा वॉर्डात गेले नाहीत. गोदामातले कितीतरी जण, पोलिश, सोमाली, पंजाबी, त्यांच्याबरोबर त्या बाकांवर बसून आले. मंडळानं लगेच हेलन यांचा सत्कार ठरवला. मावशींनी हाणून पाडला. "एक हिवाळा म्हणजे काम नाही, ते सॅम्पल आहे. पुढचं काय ते लिहून येऊ दे." पिशवीत शाल तशीच. बसमध्ये, समितीत, भाजी आणताना. कांदे तिच्यावरच पडायचे.

थंडी ओसरत असताना मावशी गेल्या. मला निरोप नीट घेता आला नाही याचं वाईट वाटतं, पण खरं सांगायचं तर त्यांच्याकडून निरोप कुणालाच घेता आला नसता. त्या पुढच्या शनिवारचंच बोलत असायच्या. अंत्यविधीला डेरेक आले होते, हेलन आल्या होत्या. त्रिशरण-पंचशील झाल्यावर मी धीर करून हेलन यांना विचारलं, अशा वेळी विचारू नये तरी विचारलं, की पुढच्या वर्षीचं काय ठरलं? त्यांनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच हसल्या. "सुनंदानं तुला शिकवलंय का हे?" मग म्हणाल्या, दवाखाना आता हिवाळ्यापुरता नाही, वर्षभर चालणार, मावशी जायच्या आदल्याच आठवड्यात मंजूर झालं, मावशींना त्यांनी फोन करून सांगितलंही होतं. म्हणजे मावशींना कळलं होतं. म्हणूनच पल्लवीताईला तसं म्हणाल्या होत्या. मी ताईकडे गेले आणि म्हटलं, "द्यायची वेळ झाली."

एप्रिलमध्ये भीमजयंतीला हॉल भरला होता. हेलन यांना मधल्या खुर्चीवर बसवलं, सूत्रसंचालन पुन्हा माझ्याकडे. पण नियम तो नियम. शालीच्या आधी मी वासनिककाकांना बोलावलं. काकांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मॅडम, वन कम्प्लेंट. लायब्ररीचं दार नीट लागत नाही. दाराजवळच्या खुर्चीत म्हातारी माणसं बसतात, वारा सरळ गुडघ्यांत शिरतो." आणि गोड-बिड काही न बोलता खाली बसले. काय टाळ्या पडल्या! मी ते इंग्रजीत सांगितलं, हेलन यांनी लिहून घेतलं. मग बाबांनी त्यांच्या खांद्यांवर ती तिसरी शाल घातली, मरून, सोनेरी काठाची, घड्यांवर जरा विटलेली, कांद्याचा अगदी किंचित वास असलेली. सगळे उभे राहिले. बाबांना इंग्रजीत काहीतरी बोलायचं होतं बहुतेक. ते नुसतंच "जय भीम" म्हणाले, आणि हेलन यांनीही म्हटलं, अडखळत, पण म्हटलं.

केंब्रिजला परतायच्या आधी बाबांची तपासणी होती म्हणून मी त्यांच्याबरोबर लायब्ररीच्या दवाखान्यात गेले. दाराजवळच्या खुर्चीच्या पाठीवर शाल होती. रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं, हेलन ठेवून गेल्या, दार दुरुस्त होईपर्यंत जो तिथं बसेल त्यानं घ्यायची. तेव्हा तिथं एक सोमाली आजी बसल्या होत्या. शाल त्यांनी गुडघ्यांवर घट्ट लपेटून घेतली होती, सोनेरी काठ नीट समोर येईल अशी. बाहेरून कुणी आत आलं, दार पुन्हा अर्धंच लागलं, आणि त्या आजी रिसेप्शनकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "धिस डोअर! एव्हरी टाइम! व्हेन यू फिक्स?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. शाल मिळाल्यावर तक्रार... क्रम उलटा झाला होता. मावशींनी तरीही पूर्ण मार्क दिले असते.